२८ पौंडांची रेघ

शुभवर्तमानातला धनवान तरुण येशूकडे आला खरा, पण सगळं विकून गोरगरिबांना दे म्हटल्यावर खिन्न होऊन निघून गेला. या गोष्टीतून पळवाट काढण्यात ख्रिस्ती समाजाने बरीच बुद्धी खर्च केली आहे. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी मात्र थेट जमाखर्चच मांडला.

ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांची वर्षाची मिळकत ३० पौंड. खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी मिळकत ६० झाली, खर्च २८च राहिला. मग ९०, मग १२०. रेघ जागची हलली नाही. चौथ्या वर्षी ९२ पौंड गरिबांकडे गेले. प्रवचनात हा हिशेब त्यांनी नाव न घेता सांगितला, पण तो त्यांचाच मानला जातो.

आपला पगार वाढला की आधी घर मोठं होतं, मग गाडी. दान उरल्यासुरल्यातून. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची ख्रिस्ती रीत चांगलीच, पण पंधरा हजारांतून दीड हजार देणाऱ्याच्या घरी भाजी कमी होते. पाच लाखांतून पन्नास हजार देणाऱ्याच्या घरी काहीच कमी होत नाही.

पैसा वाईट, असं वेस्ली म्हणत नसत. सचोटीने भरपूर मिळवा, काटकसर करा आणि देऊन टाका, ही त्यांची शिकवण. अनुयायांनी पहिल्या दोन गोष्टी मनापासून उचलल्या! तिसरीकडे पाठ फिरवली, ही वेस्लींची म्हातारपणची तक्रार.

१७७६ साली करखात्याने वेस्लींकडे चांदीच्या भांड्यांची चौकशी केली. उत्तर गेलं: लंडनला दोन चमचे, ब्रिस्टलला दोन; भोवतीचे लोक अन्नाला महाग असताना आणखी घेणार नाही. जानेवारी १७८५मध्ये, ८१व्या वर्षी, गरिबांच्या कपड्यांसाठी ते पाच दिवस लंडनभर हिंडले. रस्त्यात घोट्यापर्यंत वितळता बर्फ, पाय दिवसभर ओले. दारोदार मागून २०० पौंड जमवले.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यांना जमलं, असं कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण घरच्यांच्या गरजा आधी भागवा, हे तेही सांगत. मुलांची फी त्यांनी गरजेत धरली असती. लग्नाचं रिसॉर्ट धरलं असतं, असं मला वाटत नाही.