कासरा धरणारा हात

मराठी घरातल्या अल्बममध्ये बोरन्हाणाचा एक फोटो असतो, आणि त्यात मूल बहुतेक वेळा रडत असतं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी, आणि डोक्यावरून ओतली जाणारी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या. वेष ठरलेला, रंग ठरलेला, पात्रही ठरलेलं: कृष्ण. आजच्या भाषेत ही थीमच झाली. त्यामुळे ‘हल्लीच्या आईबापांना फोटोचं वेड लागलंय’ ही तक्रार मला करवत नाही. मुलाला सजवून पाटावर बसवायची हौस कॅमेऱ्याच्या आधीची आहे.

पण बोरन्हाणात आणखी एक गोष्ट असते. गल्लीतली पोरं सतरंजीवर तुटून पडतात आणि बोरं लुटतात. मधलं मूल रडत असलं तरी भोवतीच्यांची चंगळ असते. फोटो निघाला नाही तरी बोरन्हाण होतं. फोटोशूटचं तसं नाही. तिथे फोटो निघाला नाही, तर काही घडलंच नाही असं धरतात.

मागच्या दिवाळीत या फरकाचा मला बराच विचार करावा लागला. आमचं घर हसनाबादला, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात. बहीण पुण्याला असते. तिला सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. महिनाभर आधी तिने फोनवर सांगितलं, “दादा, या वेळी मुलांचं आउटडोअर शूट करायचंय. थीम आहे ‘मामाचं गाव’. फोटोग्राफर मी ठरवते, बाकीचं तू बघ.” मागोमाग यादी आली: छोटं धोतर, पागोटं, लहान नऊवारी, पितळेची कळशी, चूल, जातं, कंदील, बैलगाडी, पांढरं फुललेलं कापसाचं रान.

यादी वाचून आधी हसू आलं. आमच्या घरात गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, जातं माळवदावर उलटं पडलंय आणि कंदिलाला काच नाही. तरी मी सामान जमवायला लागलो. हे काम गमतीचं होतं हे कबूल करतो. दिवाळीच्या सुमारास सकाळी सात ते साडेआठ ऊन तिरपं आणि मऊ असतं, नंतर डोळ्यांखाली सावल्या पडतात. म्हणजे मुलांना पहाटे उठवणं आलं. गिरजा नदीच्या पात्रात घ्यावं तर दगड निसरडे. कठडा नसलेली विहीर यादीतून आधीच काढली. शेजारच्या रानातला कापूस सुरेख फुटला होता, पण तिथे दोनच दिवसांपूर्वी फवारणी झालेली. २०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हापासून मी अशा रानात मोठ्यालाही जाऊ देत नाही. फवारा न मारलेला आमचाच एक तुकडा निवडला. आईने जुन्या इरकली लुगड्यातून नातीसाठी नऊवारी बेतली. तिचा उत्साह बघण्यासारखा होता.

अडलं ते बैलगाडीपाशी. आमच्या आळीत आता ट्रॅक्टरच आहेत. बैलजोडी आणि लाकडी गाडी राहिली आहे ती एका काकांकडे. ते लगेच हो म्हणाले, पैशाचं नावही काढलं नाही, बैलांना धुऊन, शिंगांना रंग देऊन घेऊन आले. स्वतःही स्वच्छ सदरा घालून आले होते. मुलं गाडीत बसली. फोटोग्राफरने कॅमेरा लावला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, तुम्ही जरा बाजूला होता का?”

“मी नसलो तं बैल बुजतील,” काका म्हणाले.

मग तोडगा निघाला. काकांनी कासरा धरून चौकटीच्या बाहेर उभं राहायचं. फोटोत कासऱ्याच्या टोकाला त्यांची मूठ आली होती, ती नंतर काँप्युटरवर पुसली. आता त्या फोटोत दोन रंगवलेले बैल, पागोटं घातलेला एक चार वर्षांचा शेतकरी आणि हवेत संपणारा एक दोर आहे.

यात कुणी कुणाचा अपमान केला नाही. काकाही हसतच घरी गेले. म्हणूनच नक्की काय खटकलं ते सांगणं अवघड जातं. ज्याचं जगणं थीम म्हणून घेतलं, तोच थीममध्ये बसत नव्हता. बैल चालले, गाडी चालली, त्याच्यासारखा पोशाखही चालला. फक्त तो चालला नाही.

वेष बदलण्याला एक दिशा असते असं मला वाटतं. माझा पाच वर्षांचा असतानाचा एक फोटो आहे, भोकरदनच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कारंजं, आणि माझ्या कानाला टेलिफोनचा रिसीव्हर. तो टेलिफोन कशालाच जोडलेला नव्हता आणि आमच्या घरात फोन यायला पुढे दहा वर्षं लागली. त्या काळी खेड्यातली पोरं अशीच शहर अंगावर घेऊन बसायची: कुणी पुठ्ठ्याच्या विमानात, कुणी गॉगल लावून. जे मिळावंसं वाटतं त्याचा तो वेष होता. बोरन्हाणातला कृष्ण तर थेट देवच. दोन्हीकडे वेष वर चढणारा आहे.

उलट दिशेचं एक जुनं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १८५८ साली लुईस कॅरलने ॲलिस लिडेल या सहा वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चच्या डीनची ही लेक, म्हणजे खात्यापित्या घरची. फोटोत ती भिकारीण झाली आहे: फाटका कपडा, उघडे खांदे, पुढे केलेली ओंजळ. फोटो देखणा आहे, आजही छापला जातो. पण तो देखणा वाटतो याचं एक कारण म्हणजे तो संपल्यावर ती मुलगी घरी जाऊन जेवणार हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. खऱ्या भिकारी मुलीकडे तेवढ्या निवांतपणे बघवत नाही. त्याच देशात डॉ. बर्नार्डो अनाथाश्रमासाठी देणग्या मिळाव्यात म्हणून मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो विकायचे. ‘आधी’च्या फोटोंत मुलांना होती त्याहून दीन दाखवलं जातं अशी तक्रार झाली आणि १८७७ सालच्या लवादाने या बनवाबनवीवर ठपका ठेवला. हेतू चांगला होता, मुलं खरोखर गरीब होती, तरीही.

बहिणीला मी हे फोनवर ऐकवलं. ती चिडली, आणि तिचं चिडणं मला पटलं. ती म्हणाली, “मी काय बाहेरून आलेय का? शाळेच्या सुट्ट्यांत मी कापूस वेचलाय. तू अभ्यासाचं निमित्त करून घरी बसायचास.” खरं आहे. ॲलिसच्या आईबापांनी कधी भीक मागितली नव्हती. माझ्या बहिणीने मात्र कमरेला फडकं बांधून त्यात कापूस भरलेला आहे. आपण कुठून आलो ते मुलांनी एकदा अंगावर घालून बघावं, या इच्छेला तमाशा म्हणता येणार नाही. तरी एक गोष्ट उरते. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरखडतात, आणि तिला त्या कामाचा मनापासून कंटाळा होता. फोटोत कापूस आहे, ओरखडा नाही. आठवण सांगायची तर ओरखड्यासकट सांगावी, नाहीतर मुलांच्या हाती फक्त पोशाख लागतो.

आणि मुलांचं काय? मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते धाकट्याने. पागोटं घातल्यापासून तो एकच मागत होता: ट्रॅक्टरवर बसायचं. गावात आल्या दिवसापासून त्याला ट्रॅक्टर दिसत होता, ऐकू येत होता. त्याच्या लेखी मामाचं गाव म्हणजे ट्रॅक्टर. पण ट्रॅक्टर थीममध्ये बसत नव्हता. म्हणजे खरं गाव फक्त त्याला दिसलं होतं, आणि आम्ही मोठी माणसं त्याला कुणाचंच नसलेलं गाव शिकवत होतो. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. तोही सजवलेलाच प्रकार, पण बैलाची दोरी मुलाच्या हातात असते. भातुकलीतही तसंच. खेळणारा वाटेल तेव्हा ‘मी नाही खेळत’ म्हणू शकतो. चौथ्यांदा “बाळा, इकडे बघ” ऐकल्यावर धाकटा नेमकं हेच म्हणाला. त्याला चॉकलेट दाखवलं गेलं.

फ्रान्समध्ये २०२४ साली मुलांच्या छबीवरच्या हक्काचा कायदा झाला. मुलाचं वय आणि समज पाहून या निर्णयांत त्यालाही सामील करून घ्यावं, असं त्यात पालकांना सांगितलं आहे. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती पुरते. कंपन्यांपासून मुलांना वाचवायला ते ठीक आहे. पण फोटो जगाला दाखवायची घाई पालकांनाच असेल तर? कुंपणाला कोण विचारणार? चार वर्षांच्या मुलाला संमती म्हणजे काय ते कळत नाही, हा नेहमीचा युक्तिवाद. नकार मात्र त्याला चांगला कळतो. तो रडून, पळून, चिखलात बसून दाखवतो. तेवढा जरी मानला, तरी बरंच झालं.

बहिणीला या वर्षी पुन्हा शूट करायचंय, आणि नियोजन पुन्हा माझ्याकडे आहे. मी तिला माझं म्हणणं कळवलं. काय व्हायचं ते मुलांनी ठरवायचं. ज्याची गाडी, ज्याचं रान, तो माणूस फोटोत हवा, आणि त्याला फोटोची एक प्रत. ‘नाही’ म्हटलं की कॅमेरा बंद, चॉकलेट न दाखवता. भाचीला यंदा मोबाइल दुरुस्त करणारी व्हायचंय, भाच्याचा ट्रॅक्टर कायम आहे. काकांनाही मी विचारून आलो. ते म्हणाले, येईन, पण बैल फार म्हातारे झालेत, या खेपेला नुसताच येईन.

बहिणीचं उत्तर रात्री उशिरा आलं: “दादा, मोबाइलचं दुकान, ट्रॅक्टर आणि बैलांशिवाय काका. यात थीम कुठे राहिली?”

मी अजून काही लिहिलेलं नाही. शूट दिवाळीच्या पाडव्याला आहे, आणि ट्रॅक्टरवाल्याला त्या दिवशी मक्याच्या खेपा आहेत.