थांबलेल्या गाडीची उजरत

ड्रायव्हरला पगार कशाचा द्यायचा? गाडी चालवण्याचा की त्याने आपल्या आयुष्यातला जेवढा वेळ दुसऱ्याच्या हवाली केला त्याचा? प्रश्न साधा वाटतो. पण सौदी अरब, कतर, कुवेत, दुबई येथे गाडी चालवणाऱ्या आपल्या माणसांचे सारे हाल या एका प्रश्नाचे उत्तर न दिल्यामुळे होतात, असे मला वाटते.

आपला जिल्हा म्हणजे कोकण नव्हे. रत्नागिरीच्या खेड्यांतून आखाताकडे जाण्याची जशी पिढ्यांची वहिवाट आहे तशी नगरला नाही. तरी मुकुंदनगर, झेंडीगेट, भिंगार, तिकडे संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे येथल्या मोहल्ल्यांत फिरा, "अब्बा कहां है?" या प्रश्नाला "रियाध", "दम्माम", "जेद्दा" अशी उत्तरे मिळतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पालकसभेला आया येतात, आजोबा येतात, मामा येतात. बाप प्रगतिपुस्तकाचा फोटो मोबाइलवर पाहतो. यातले बरेच बाप ड्रायव्हर. मनमाड रोडच्या खड्ड्यांत आणि माळशेज घाटाच्या वळणांवर हात बसलेला माणूस वाळवंटातल्या सरळ रस्त्याला घाबरत नाही. त्याला छळते ते वेगळेच असते.

रियाध ते दम्माम चारशे किलोमीटर. रियाध ते जेद्दा साडेनऊशेच्या आसपास. पिकअप, व्हॅन किंवा ज्याला तिकडे सगळे 'डायना' म्हणतात तो छोटा ट्रक घेऊन आपला माणूस निघतो. चार-पाच तासांत दम्माम येते. मग गोदामाच्या दारात नंबर लागतो. माल उतरवायला कधी दोन तास लागतात, कधी सारी रात्र जाते. तो गाडी सोडून जाऊ शकत नाही. झोपावे तर पुढची गाडी सरकली म्हणजे मागून हॉर्न वाजतात. सकाळी माल उतरतो आणि परतीचा प्रवास सुरू होतो. हिशेब मात्र फेरीचा. ज्याला महिन्याचा पगार ठरवून नेले त्याची गत वेगळी, पण फार बरी नव्हे. कारण महिन्याचा पगार म्हणजे महिन्यातले किती तास, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हिशेब करून पाहू. समजा १५०० रियाल पगार आहे. रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. तासाला सात रियालहून थोडे अधिक पडतात. तोच माणूस सुट्टीविना रोज पंधरा तास राबला तर ४५० तास होतात आणि तासाचे मोल सव्वातीन रियालवर येते. करारातला आकडा तोच, पण निम्म्याहून जास्त मजुरी वाटेतच विरली. चोरी झाली खरी, पण चोर पकडायला जावे तर कागदावर एक हलालाही कमी नाही!

पंधरा तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. सौदीच्या २००५ सालच्या कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस आहे, आठवड्याला ४८ तास आहेत, जादा कामाला दीडपट मजुरी आहे, रमजानमध्ये मुसलमान कामगाराला सहाच तास काम आहे. कायदा वाचून समाधान वाटते. परंतु घरगुती कामगार त्यातून वगळलेले आहेत, आणि घरचा खासगी ड्रायव्हर, म्हणजे हाऊस ड्रायव्हर, घरगुती कामगारांतच मोडतो. त्यांच्यासाठी २०१३ साली वेगळे नियम आले. त्यांनी दिवसाकाठी किमान नऊ तास विश्रांती दिली. चोवीसातून नऊ गेले, राहिले पंधरा. २०२४ पासून नव्या नियमांनी कामाची मर्यादा दहा तासांवर आणली, ही चांगली गोष्ट झाली. पण दहा तास मोजायचे कोणी? मुलांना शाळेत सोडून दुपारपर्यंत गाडीत बसून राहिलेला ड्रायव्हर काम करत होता की आराम? मालकाला विचाराल तर तो म्हणेल, बसलाच तर होता. रमजानमध्ये तर या लोकांचा दिवस तरावीहनंतर सुरू होतो. बाजार, दावती, पुन्हा बाजार, ते थेट सहरीपर्यंत. दिवसा रोजा आणि रात्रभर स्टेअरिंग.

म्हणजे सारे अडते ते 'थांबणे' या शब्दाशी. येथे मला आपल्या फिकहची मदत घ्यावीशी वाटते. हे शास्त्र फक्त वुजू आणि तलाकपुरते आहे असा समज आपल्यातच पुष्कळांनी करून घेतला आहे. बाराव्या शतकातल्या मरगीनानींच्या 'हिदाया'सारख्या हनफी ग्रंथांत मजुरीचा, म्हणजे इजाऱ्याचा, मोठा भाग आहे. त्यात मजूर दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक अजीर-ए-मुश्तरक. शिंपी किंवा धोबी यांच्यासारखा, जो अनेकांचे काम घेतो आणि काम पुरे झाले की मोबदल्याचा हक्कदार होतो. दुसरा अजीर-ए-खास, ज्याने ठरलेल्या मुदतीपुरते स्वतःला एका मालकाच्या हवाली केलेले असते. त्याच्या बाबतीत फुकहा म्हणतात की तो हजर राहिला, त्याने स्वतःला हवाली केले, एवढ्याने त्याची उजरत लागू झाली. मालकाने त्याला काम दिले की नुसते बसवून ठेवले, हा मालकाचा प्रश्न. आठशे वर्षांपूर्वी ना डिझेल होते ना गोदाम, पण थांबण्याचा निकाल तेव्हाच लागलेला होता.

आता आपला ड्रायव्हर यातला कोणता? फेरीवर पैसे देणारा मालक त्याला शिंप्याच्या रांगेत बसवतो. पण शिंपी एकाचा सदरा बाजूला ठेवून दुसऱ्याचा पायजमा हाती घेऊ शकतो. दम्मामच्या गोदामापुढे उभा असलेला माणूस त्या रात्रीत दुसऱ्या कोणाचे काम करू शकतो काय? त्याचा व्हिसा एकाच कफीलच्या नावाचा, इकामा त्याच कफीलच्या नावाचा, पासपोर्टही पुष्कळदा त्याच्याच कपाटात. बाहेर काम करताना सापडला तर गुन्हा. सोडून गेला तर 'हुरूब' लागतो, म्हणजे पळून गेल्याची नोंद होते, आणि मग घरी परतणेही मुश्किल. तेव्हा बंधने सारी खासची आणि मजुरीचा हिशेब मुश्तरकचा. दोन्हीकडून जे सोयीचे तेवढे उचललेले. माझ्या मते अन्यायाचे नेमके ठिकाण हे आहे. पगार कमी की जास्त हा मुद्दा त्याच्या नंतरचा.

घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याविषयीची हदीस आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. पण मजुरी आधी ठरवून सांगण्याचीही ताकीद आहे, तिची आठवण कमी निघते. सूरह कससमध्ये हजरत मूसा मदयनला नोकरी धरतात तो प्रसंग पाहा. आठ वर्षांचा करार. दहा केली तर ती मूसांच्या मर्जीची. आणि ठेवून घेणारा बुजुर्ग आधीच सांगून टाकतो की तुझ्यावर जड ओझे टाकण्याचा माझा इरादा नाही. मुदत स्पष्ट, जादा काम ऐच्छिक, आणि वागणुकीची हमी! हे मदयन आजच्या सौदीच्या तबूक भागातले मानतात. आपले ड्रायव्हर त्या रस्त्याने माल घेऊन जातात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, जबरदस्ती कोणी केली? स्वतःच्या पायांनी गेला, स्वतःच्या हाताने सही केली. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. इकराह वेगळा आणि इज़्तिरार वेगळा. कफीलने गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. परंतु सही कशावर केली हेही पाहिले पाहिजे. मुंबईत दाखवला तो कागद एक आणि तिकडे पुढे आला तो अरबी कागद दुसरा, अशी उदाहरणे घरोघर ऐकायला मिळतात. शिवाय निघण्याआधीच एजंटाला पैसे मोजलेले असतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटाच्या शुल्कावर मर्यादा आहे, पण मोजले जाते ते त्याच्या किती तरी पट, आणि पावती मात्र मर्यादेतली. बायकोचे दागिने गहाण टाकून गेलेला माणूस पहिल्या महिन्यात 'मला हे मान्य नाही' म्हणून परत येईल काय? त्याची रजामंदी ज्या दिवशी कर्ज काढले त्याच दिवशी संपली. जो 'आझाद व्हिसा' विकत घेऊन जातो, त्याची तर आणखी गंमत. कागदावर हाऊस ड्रायव्हर, प्रत्यक्षात मिळेल ते काम, आणि नावाच्या कफीलला महिन्याला ठरलेली रक्कम. आझादी तेवढी नावात.

माझ्या पेशामुळे मला एक गोष्ट जास्त बोचते. दहावी पास झालेल्याचा पासपोर्ट ईसीएनआर होतो. त्याला अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागत नाही. नापासाला लागते. मुलांना हे पक्के ठाऊक आहे. गणितात पस्तीस मिळवण्याची धडपड काही जण केवळ त्यासाठी करतात. आपण समजतो, शिकल्याने रस्ता मोकळा झाला. पण त्या परवानगीबरोबर करार ई-मायग्रेटवर नोंदला जातो, आपल्या सरकारने ठरवलेले किमान वेतन पाहिले जाते, प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा उतरतो. दहावी पास मुलगा या साऱ्यातून सुटतो. राज्याने गृहीत धरले की त्याला आता अरबी करार समजतो! त्या किमान वेतनाचेही काय झाले पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये, साथीच्या काळात नोकऱ्या टिकाव्यात म्हणून आपल्याच सरकारने ते तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवले. ओरड झाली, कोर्टकचेरी झाली, तेव्हा २०२१ मध्ये पूर्ववत केले.

आणि रुपयाचा एक मोठा भ्रम आहे. रियाल १९८६ पासून डॉलरला पावणेचारावर बांधलेला आहे. २००३ च्या सुमारास एका रियालचे बारा रुपये येत. आता बावीसच्या पुढे येतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ २००५ साली बाराशे रियालवर गेले, त्यांचा भाचा २०१९ साली पंधराशेवर. चौदा वर्षांत तीनशे रियाल! घरी मात्र दोघांच्याही पैशांना बरकत दिसते, कारण रुपया पडत गेला.

कतारने मार्च २०२१ पासून हजार रियाल किमान वेतन लागू केले, त्यात घरगुती कामगारही धरले, आणि राहण्या-जेवणाचे वेगळे पैसे ठरवले. तेव्हा 'तिकडे असेच असते' हे खरे नाही. युरोपात साडेतीन टनांवरील मालगाड्यांत टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. साडेचार तास चालवले की पाऊण तास थांबावेच लागते. त्या यंत्रावर चालवणे, इतर काम, विश्रांती यांच्या चिन्हांबरोबर चौकोनात तिरकी रेघ असे एक चिन्ह आहे. ते कामासाठी हजर राहून वाट पाहण्याचे. म्हणजे थांबण्याला स्वतंत्र चिन्ह मिळाले! छोट्या व्हॅन मात्र या नियमांतून सुटल्या होत्या, म्हणून गरीब देशांतले ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे व्हॅनमध्येच झोपत राहिले. आंतरराष्ट्रीय वाहतूक करणाऱ्या अडीच टनांवरील व्हॅनना १ जुलै २०२६ पासून हे नियम लावण्याचे ठरले. २०२३ च्या वसंतात जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे ड्रायव्हर पगार थकला म्हणून गाड्या उभ्या करून बसले. मालकाने गाड्या नेण्यासाठी माणसे पाठवली, पोलिसांनी त्यांना अडवले, आणि पाच-सहा आठवड्यांनी पैसे मिळाले. गंमत अशी की, थांबण्याची किंमत मालकाला तेव्हा कळली जेव्हा थांबणे ड्रायव्हरच्या मर्जीने झाले. सौदीत संप करण्याची सोय नाही.

थकव्याचाही विचार करा. पंधरा तास जागा असलेला माणूस पहाटे डुलकी घेतो आणि समोरची गाडी चिरडतो. जबाबदार कोण? कायदा स्टेअरिंगवरचा हात पाहतो. २०११ साली सौदीत चुकून झालेल्या मृत्यूची दियत तीन लाख रियाल ठरली. विम्याने भरली तर ठीक, नाहीतर ड्रायव्हर तुरुंगात. मेलेल्या माणसाचे मोल रियालमध्ये लिहिलेले आहे, ते योग्यच आहे. ज्या झोपेअभावी तो मेला तिचे मोल कोठे लिहिलेले नाही. २०१० पासून 'साहेर'चे कॅमेरे आले. वेग वाढवला की दंड, आणि दंड पगारातून कापला जातो. उशीर झाला तरी कापला जातो.

हे सारे अरबांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकलो असतो. पण रात्री नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या कांदा मार्केटबाहेर जाऊन उभे राहा. पिकअपची रांग लागलेली असते. कारखान्यांच्या यार्डात गळीत हंगामात उसाच्या गाड्या दीड-दीड दिवस उभ्या असतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या श्रमसंहितेत गेला. त्या रांगेतल्या एकाही ड्रायव्हरने यांपैकी कशाचेही नाव ऐकलेले नसावे. त्यातले काही टेम्पोमालक आपलेच आहेत, पाचवक्ता नमाजी आहेत, जकात चोख काढतात.

अशाच एका मालकांशी मी अजीर-ए-खासविषयी बोललो. भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "सर, बात तो सही है. लेकिन मुझे भी भाडा फेरी का मिलता है. रातभर का पैसा मैं किस से लूं?" प्रश्न रास्त आहे. मग मीच विचारले की, गाडी फार वेळ अडकली तर व्यापाऱ्याकडून हॉल्टिंग घेता ना? म्हणाले, घेतो, बाहेरगावच्या मालाला तर आधीच ठरवून घेतो. त्यातले ड्रायव्हरला किती? ते जरा थांबले. "चाय-नाश्ता देते ना सर," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून हॉल्टिंगचा निम्मा भाग ड्रायव्हरला देऊन पाहतो असेही म्हणाले. निम्मा का, पूर्ण का नाही, यावर आमचा अजून वाद चालू आहे. गाडीही थांबलेली असते, तिचा हप्ता थांबत नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.