देव ताट विसळत नाही

1888 साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींची राहण्याची सोय वेस्ट केन्सिंग्टनमधल्या एका अँग्लो-इंडियन घरात झाली. घरमालकीण विधवा, पदरी दोन मुली. मांसाला शिवणार नाही असं आईला वचन देऊन आलेल्या या पोराला रोज काय करून घालावं, हा त्या बाईंपुढे पेचच होता. सकाळची ओटची लापशी बऱ्यापैकी पोटभर व्हायची. दुपारी आणि रात्री मात्र पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची गांधींना लाज वाटे. मुली आपण होऊन आणखी एखादा तुकडा वाढत, पण याची भूक अख्ख्या पावाची आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आत्मकथेत गांधींनी हे सगळं मोकळेपणाने लिहिलं आहे.

वाचताना आपला जीव त्या उपाशी पोरासाठी तुटतो. मला अलीकडे त्या मायलेकींबद्दलही वाईट वाटतं. त्यांनी परक्या मुलाचं पथ्य सांभाळायचा प्रयत्न केला, आग्रह केला आणि तरीही त्यांच्या घरात एक माणूस रोज अर्धपोटी झोपत राहिला. तेही त्यांच्या नकळत. संकोच हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो. ‘मुलगा फार भिडस्त आहे हो’ असं आपण कौतुकाने सांगतो. पण संकोची माणूस समोरच्याला अंधारात ठेवतो आणि कुणाला त्रास द्यायचा नाही या सभ्यपणाखाली कुणाचे उपकारही घ्यायचे नाहीत असा ताठा पुष्कळदा लपलेला असतो.

इथे एक फरक करायला हवा. 1921-22 च्या सुमारास डॉ. आंबेडकर लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहत होते. तेव्हा तुटपुंज्या नाश्त्यावर दिवस काढून रात्री अभ्यासाच्या मध्येच पापड भाजून खात, हे त्यांच्या चरित्रांतून आपल्याला माहीत आहे. तो संकोच नव्हता, ती पैशाची ओढाताण होती. खिशात पैसे नसलेल्या माणसाला ‘मोकळेपणाने माग’ म्हणणं सोपं असतं.

आजही ऑगस्ट आला की आपल्याकडची पंधरा-सोळा वर्षांची मुलं वर्षभरासाठी परदेशी शाळांत शिकायला निघतात आणि तिथल्या एखाद्या घरात राहतात. कुणी रोटरीच्या युवा देवाणघेवाणीतून जातं, कुणी एएफएसमधून. एएफएसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन्ही महायुद्धांत जखमींना रुग्णवाहिकेतून वाहून नेणारे हे अमेरिकी स्वयंसेवक. दुसरं युद्ध संपल्यावर त्यांनी आपल्या संघटनेला नवं काम दिलं: एका देशातली शाळकरी मुलं दुसऱ्या देशातल्या घरात राहायला पाठवायची. ज्यांच्या घरात वर्षभर जेवलो त्यांच्यावर बंदूक रोखणं जड जाईल, असा तो हिशेब असावा.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात भाषा किंवा अभ्यासक्रम शिकायला जाणारे विद्यार्थी बहुधा आठवड्याचे पैसे मोजून एखाद्या कुटुंबात राहतात. अमेरिकेत देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेल्या शाळकरी मुलांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला मात्र मोबदला घेता येत नाही. करपात्र उत्पन्नातून महिन्याला फार तर 50 डॉलर वजा करता येतात, आणि वाढत्या वयाच्या पोराचं दूध-पोहे म्हटलं तरी तेवढ्यात भागायचं नाही. पैसे दिले की हिशेब मिटतो. चादर बदलली नाही म्हणून तक्रारही करता येते. फुकट राहिलं की तोंडाला कुलूप लागतं.

परक्या घरी असं फुकट जेवणं आपल्याला अगदी अनोळखी नाही. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांच्या आठवणी ऐकल्या-वाचल्या तर ध्यानात येतं की पदार्थ कुणाच्याच लक्षात राहिलेले नाहीत. लक्षात राहिलं ते कुठे बसवलं हे, ताटावर कुणी येऊन चौकशी केली का हे, आणि ‘जाता जाता एवढी भाजी आण रे’ असं हक्काने कुणी सांगितलं हेही. काम सांगणाऱ्या घराबद्दल ही म्हातारी माणसं मऊ होऊन बोलत. अर्थात ही घरंही सगळ्यांना उघडी नव्हती. जातीचा उंबरा होताच. म्हणून तर शाहू महाराजांना 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करावी लागली. आपल्या पाहुणचाराचं गुणगान करताना हे विसरू नये.

मराठी माणसाने परक्या देशात परक्या घरी राहण्याचा विषय निघाला की आनंदीबाई जोशींना वगळून पुढे जाता येत नाही. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या मिशनरी मंडळींना लिहिलेलं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं. त्यासोबतच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी 1880 मध्ये दंतवैद्याकडे वाट बघत बसल्या असताना तो अंक वाचला आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. धर्म बदल, मग ये, अशी अट त्यांनी घातली नाही. तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. 1883 च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा उतरवून घ्यायला मावशी हजर होत्या.

निघण्यापूर्वी सेरामपूरला भाषण करून आनंदीबाईंनी जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन. रोझेलच्या घरात त्यांनी मांस खाल्लं नाही, लुगडं सोडलं नाही. थंडीसाठी नेसण्याची पद्धत तेवढी बदलली. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून तिथल्या लोकांना जेवू घातलं. ख्रिस्ती घराने आपल्या चुलीवर हे होऊ दिलं, याचं मला आनंदीबाईंच्या निग्रहाइतकंच अप्रूप वाटतं. उपकार करणाऱ्याला एक मोह हमखास पडतो. ज्याला आपण घास देतो त्याने थोडं आपल्यासारखं व्हावं, निदान आपली वाखाणणी तरी करावी. कार्पेंटरबाईंनी तो मोह टाळला. आणि आनंदीबाईंनीही ऋण फेडायचं म्हणून स्वतःला बदललं नाही. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली, मग त्या परतल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, मावशींच्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. पाहुण्याला कुणी तिथे जागा देत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. पुण्या-नाशकात, कोल्हापुरात फ्रान्स, ब्राझील, जर्मनीची मुलंमुली येऊन राहतात. आपण काय करतो? अतिथी देवो भव. पाहुण्या मुलीला पाण्याचा पेलाही उचलून घेऊ देत नाही. तिने ताट विसळायला नेलं की आजी धावत जाऊन ते काढून घेतात. घरच्या लेकीला पोळ्या लाटायला बसवलेलं असतं आणि ही दिवाणखान्यात सोफ्यावर. आठवडाभर हे गोड वाटतं. पुढे तिला वाटू लागतं की या घरात आपण कशालाच लागत नाही. देवाला आपण नैवेद्य दाखवतो, ‘तुझं काय चाललंय?’ असं विचारत नाही. रागवत तर नाहीच. देव ताट विसळत नाही आणि म्हणूनच तो घरातला होत नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलाला तिथली ‘आई’ पहिल्याच आठवड्यात भांडी धुण्याच्या यंत्रात ताटं कशी लावायची ते दाखवते आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा वार सांगते. रात्री व्हिडिओ कॉलवर हे ऐकून इथली आई कळवळते: माझ्या पोराला कामाला लावलं! तिला सांगावंसं वाटतं, बाई, लावू दे. तुझ्या पोराची त्या घरात हजेरी लागली. आणि एक जरा कडू बोलतो. रोज रात्री दीड तास इथून त्या घराचा कारभार बघायचा असेल, काय खाल्लं, का नाही खाल्लं, ती बाई कशी बोलली, तर मुलगा तिथे राहतच नाही. तो आपल्याच घरात राहतो, फक्त झोपायला दुसरीकडे जातो.

मात्र याचा अर्थ निमूट सोसणं नव्हे. सगळी घरं रोझेलची नसतात. काही ठिकाणी मुलाला लहान पोरांना सांभाळायला फुकटचा माणूस समजतात, काही ठिकाणी त्याच्या देवाची, खाण्याची, रंगाची टिंगल होते. काही ठिकाणी याहून वाईट. अमेरिकेच्या नियमांत स्थानिक समन्वयकाने दर महिन्याला मुलाशी आणि कुटुंबाशी, दोघांशीही बोलणं बंधनकारक आहे. घर बदलून मिळतं. रोटरीच्या वर्षात तर घरं बदलणं हा मुळात रिवाजच आहे. तरी आपली मुलं गप्प बसतात, कारण लहानपणापासून त्यांनी ऐकलेलं असतं: लोकांच्या घरी मिळेल ते गोड मानावं. निघताना सामानात मेतकूट, चकल्या, प्रेशर कुकर भरणाऱ्या आईबापांनी ‘काही खुपलं तर समन्वयकाला पहिल्याच दिवशी सांग, आम्हाला मागाहून कळलं तरी चालेल’ एवढंही सांगावं. आणि पाव आणखी हवा असेल तर मागून घ्यायलाही सांगावं.