बहात्तर तास आधी

२२ फेब्रुवारी २०२१पासून परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशांना, प्रवासाआधीच्या बहात्तर तासांत केलेल्या आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल संकेतस्थळावर आधीच चढवणे सक्तीचे झाले. अहवालाशिवाय येण्याची मुभा फक्त एका कारणासाठी होती: घरातला मृत्यू. पुढच्याच कलमात लिहिले होते की ही सूट हवी असेल त्याने विमानात बसण्याच्या किमान बहात्तर तास आधी अर्ज करावा, आणि त्यावर सरकारचा निर्णय अंतिम राहील.

तंजावरात सकाळी माणूस गेला तर संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी, राजगोरी स्मशानात सगळे आटोपलेले असते. दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या मुलाने बातमी कळल्या क्षणी अर्ज केला, तरी कलमाप्रमाणे त्याला तीन दिवस थांबायचे होते. तेवढ्या वेळात तो चाचणी करून, अहवाल घेऊन निघालाही असता. सूट घेणाऱ्याला सूट न घेणाऱ्यापेक्षा जास्त थांबावे लागावे, अशी ही सूट होती. प्रत्यक्षात काही अर्ज लवकर मंजूर झालेही असतील. पण मग ती दया नियमाची नव्हे, टेबलामागे बसलेल्या माणसाची.

मी भाषांतरकार आहे. साथीच्या त्या दोन वर्षांत माझ्याकडे कथा-कवितांपेक्षा असले कागदच जास्त आले. तंजावरच्या जुन्या मराठी घरांत म्हातारी माणसे घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलतात, आणि नियम होते इंग्रजीत. 'ह्याचा अर्थ काय?' असे कोणी विचारले तर सांगता येत होते. 'मग आता मी काय करायचं?' ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कागदात नसे. तेव्हापासून मला वाटत आले आहे की नियमाची नैतिक परीक्षा ह्या दुसऱ्या प्रश्नापाशी होते. नियम पाळण्याचे बंधन घालणाऱ्याने तो पाळण्याची वाटही ठेवली पाहिजे.

ह्यावरचा आक्षेप साधा आहे आणि वजनदारही आहे. साथीत एकेका माणसाची अडचण ऐकत बसता येत नाही. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण जे पाहिले, त्यानंतर सावधगिरीची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाच उरलेला नाही. शिवाय अपवादांचे दार उघडले की आधी कोण आत येतो हेही आपल्याला माहीत आहे: ज्याची ओळख आहे तो. नियम आंधळा असण्यात गरिबाचे हित असते, कारण त्याच्यापाशी फोन फिरवायला कोणी नसते. हा युक्तिवाद मी मनापासून मानते. म्हणूनच मी अधिकाऱ्याच्या मर्जीची बाजू घेत नाही. माझे म्हणणे नियमाच्या घडणीबद्दल आहे.

मृत्यूच्या बातमीला वाटेत वेळ लागतो, हे पूर्वी नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात परदेशी मेलेल्या आप्ताच्या सुतकाचा विचार आहे. दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर उरलेले दिवस पाळायचे, दहा दिवस उलटून गेल्यावर कळली तर तीन रात्री. तीन रात्री म्हणजे तेच बहात्तर तास. ज्या शास्त्राने शिवाशिवीच्या नावाखाली माणसांना पिढ्यानपिढ्या दूर ठेवले, ते मला आदर्श म्हणून पुढे करायचे नाही. पण एवढे खरे की त्या नियमातल्या तीन रात्री बातमी कानावर पडल्यानंतर सुरू होतात. बातमी उशिरा कळलेल्या माणसाकडून तो नियम अशक्य काही मागत नाही. २०२१च्या कलमातले बहात्तर तास विमानाच्या वेळेपासून मागे मोजायचे होते. विमानतळाच्या कामकाजाला ते सोयीचे होते, आणि ज्याच्यासाठी कलम लिहिले त्याला निरुपयोगी.

ह्या उदाहरणात वाट फक्त कागदावर होती. दुसऱ्या एका उदाहरणात ती कागदावरही नव्हती. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड ह्या नावाने बनत होती, आणि ब्रिटननेही पुण्याहून लाखो डोस नेले होते. तरीही ४ ऑक्टोबर २०२१पासून लागू होणारे ब्रिटनचे प्रवेशनियम जाहीर झाले तेव्हा भारतात लस घेतलेला माणूस लस न घेतलेल्यांत धरला गेला. ओरड झाल्यावर कोविशील्ड हे नाव यादीत आले, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य झाले नाही. त्यावर जन्मतारखेऐवजी नुसते जन्मवर्ष असते, हा मुद्दा चर्चेत आला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून ही तारीख ज्यांच्या कागदोपत्री आयुष्यभर चिकटली, अशी माणसे मराठी घरांत पुष्कळ आहेत. ती तारीख प्रमाणपत्रावर छापल्याने लशीचा गुण कसा वाढतो, हे त्यांना समजावून सांगणे मला जमले नाही.

प्रमाणपत्र हे एका अर्थी भाषांतरच आहे. दंडात गेलेली लस दुसऱ्या देशाला वाचता यावी म्हणून केलेले. भाषांतर तपासून घेण्याचा हक्क वाचणाऱ्याला आहेच. बनावट अहवाल विकले जात होते, तेव्हा संशयालाही कारण होते. पण संशय फेडायला काय लागेल हे संशय घेणाऱ्याने सांगितले पाहिजे. इथे प्रवाशाच्या हातात करण्यासारखे काहीच उरले नव्हते. दोन्ही डोस घेऊन, कागद जवळ ठेवूनही त्याला दहा दिवसांचे विलगीकरण होते. मग भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना तीच अट घातली, लस घेतलेली असो वा नसो. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या आणि आईला भेटायला आलेल्या मराठी माणसालाही ती लागू झाली. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट काढली आणि लगोलग भारताने आपली. त्या आठ-दहा दिवसांत विषाणू बदलला नव्हता. दोन सरकारांच्या रुसव्याची किंमत प्रवाशांनी दिली.

तिसरे उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण त्यात माझी तक्रार सौम्य आहे. २९ नोव्हेंबर २०२१पासून सिंगापूरने भारतातून येणाऱ्या लसवंतांना विलगीकरणाशिवाय घ्यायला सुरुवात केली, पण ठरवून दिलेल्या विमानांनीच, आणि ती विमाने चेन्नई, दिल्ली आणि मुंबईहून. तंजावरचे परदेशाचे दार म्हणजे तिरुची, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. इथून सिंगापूरला कामाला गेलेल्यांची ये-जा तिथूनच चालते. ते सोडून साडेतीनशे किलोमीटरवरच्या चेन्नईला रात्रीच्या बसने जायचे. डिसेंबरात ओमायक्रॉन आल्यावर ह्या विमानांची नवी तिकिटे महिनाभर बंद झाली तीही सोसायची. गैरसोय मोठी होती, आणि मजुरी बुडवून येणाऱ्याला ती जास्त टोचली असणार. तरी ह्याला मी अन्याय म्हणणार नाही. मोजकी विमाने नीट तपासायची, हे कारण समजण्याजोगे होते, आणि वाट लांबची असली तरी होती. लोकांनी ती धरली. माणसे नियमाला विरोध करतात तो बहुधा कष्टांमुळे, असे मानले जाते. माझ्याकडे कागद घेऊन आलेल्यांत मला तसे दिसले नाही. चेन्नईची बस त्यांनी मुकाट्याने धरली. त्यांना लागले ते, सगळे करूनही काही उपयोग होत नाही ह्याचे.

'आपद्धर्म' हा शब्द त्या काळात बराच वापरला गेला. शांतिपर्वात त्याचा विचार येतो तो संकटात सापडलेल्याला नेहमीच्या नियमातून किती सैल करावे, ह्या अंगाने. आपण तो फक्त नियम आवळण्यासाठी वापरला. आवळायला हवेच होते. पण आवळलेल्या नियमात अडकलेल्याचे काय, हा त्याच शब्दाचा दुसरा अर्धा भाग होता.

एअर सुविधा हे संकेतस्थळ नोव्हेंबर २०२२मध्ये आणि नंतरच्या थोड्या पुनरागमनानंतर पुन्हा बंद झाले. नियम मागे घेतले गेले, पण ते कसे लिहिले गेले ह्याची उलटतपासणी झाली नाही. पुढच्या साथीतही चाचण्या असतील, मुदती असतील, आणि त्या पाळायला मी तयार असेन. मसुदा करणाऱ्याकडून माझी अपेक्षा एवढीच आहे: कलम लिहून झाले की त्याने ते एकदा, आई गेल्याचा फोन पहाटे तीनला आलेल्या माणसाच्या जागी बसून भरून पाहावे. अर्ज कुठे करायचा, उत्तर किती वेळात मिळेल, नकार आला तर कारण कोण सांगेल, आणि दहाव्याला तरी पोचता येईल का, ह्यांची उत्तरे त्याला तिथेच मिळाली पाहिजेत. मिळाली नाहीत तर कलम पुन्हा लिहावे.