भावना कुणाच्या दुखावतात?

२००६ सालची गोष्ट. 'स्लेयर' नावाच्या अमेरिकन हेवी मेटल बँडचा 'क्राइस्ट इल्युजन' हा अल्बम त्या वर्षी ऑगस्टमध्ये निघाला. मुखपृष्ठावर येशूचे चित्र होते. हात तुटलेले, एक डोळा गेलेला, रक्ताच्या पाण्यात उभा. मुंबईतील कॅथॉलिक सेक्युलर फोरम या संघटनेने पोलीस आयुक्तांकडे निवेदन दिले आणि ऑक्टोबरात ईएमआय कंपनीने भारतातला सगळा साठा मागे घेऊन नष्ट केला. चार ओळींची बातमी आली आणि विसरली गेली.

आम्ही ती विसरलो नाही, त्याला कारण वेगळे आहे. याच अल्बममध्ये 'जिहाद' नावाचे एक गाणे आहे, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोराच्या तोंडी घातलेले. या गाण्याने मुसलमानांच्याही भावना दुखावतील, असे त्या संघटनेचे म्हणणे होते. आता आम्हाला कोणी विचारले नव्हते. स्लेयर हे नाव ठाऊक असलेला माणूस आमच्या मोहल्ल्यात दिवा घेऊन शोधावा लागला असता. तरी आमच्या भावना दुखावणार, हे परस्पर ठरून गेले होते. हेतू वाईट नव्हता, हे कबूल. पण आमच्या वतीने दुसराच कोणी रागावला याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे आम्हाला बरेच दिवस उमगले नाही.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला डॅनिश वर्तमानपत्रातील व्यंगचित्रांवरून जगभर आग लागली होती. आम्हीही तेव्हा व्यथित होतो, निषेधाच्या पत्रकावर सही करून आलो होतो. तेव्हा ज्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले त्यांत वसईचे एक कॅथॉलिक सहकारी होते. म्हणून ही बातमी वाचल्यावर आम्ही प्रथम त्यांनाच विचारले, "तुम्हाला याचा त्रास झाला का?" ते म्हणाले, "झाला. पण माझ्या मुलाला विचारा, तो हेच ऐकतो." मुलगा तेव्हा विशीतला. रविवारी मिस्सेच्या गायनवृंदात गिटार वाजवायचा आणि उरलेले सहा दिवस कानाला हेडफोन लावून स्लेयर ऐकायचा. त्याला काहीच दुखावले नव्हते. एकाच घरात, एकाच क्रूसाखाली दोन उत्तरे होती.

तेव्हा या संगीताने ख्रिस्ती श्रोत्याच्या भावना दुखावतात का, या प्रश्नाला सरळ होय किंवा नाही म्हणता येत नाही. मुलगा आम्हाला म्हणाला, "अंकल, स्लेयरचा गायकच कॅथॉलिक आहे." ते खरे आहे. टॉम अराया मूळचा चिली देशातला, आणि आपण श्रद्धावान असल्याचे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. गिटारवादक केरी किंग मात्र नास्तिक. 'देव आपणा सर्वांचा द्वेष करतो' अशा अर्थाच्या नावाचा अल्बम या मंडळींनी काढला आणि योगायोग असा की तो नेमका ११ सप्टेंबर २००१ या दिवशी बाजारात आला. नास्तिकाने लिहायचे आणि आस्तिकाने गायचे, अशी ही जोडी. आम्ही मनाशी म्हटले, नाटकात फिरऔन झालेला नट घरी जाऊन नमाज पढतोच की. पण हा दाखला पुरेसा नाही. नाटकातला फिरऔन शेवटी बुडतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. स्लेयरच्या गाण्यात कोणी बुडत नाही.

या संगीताची सुरुवात मात्र अगदी वेगळी होती. ब्लॅक सॅबथ हा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतला बँड. पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत आला. त्याच्या आतल्या बाजूला उलटा क्रूस छापला होता. तो कंपनीने परस्पर छापला, असे बँडचे लोक सांगत आले. स्वतः ती मंडळी गळ्यात सरळ क्रूस घालत आणि ते क्रूस ऑझी ऑस्बोर्नच्या कामगार वडिलांनी धातूचे करून दिलेले होते. गाणी लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथॉलिक घरातला. त्यांच्या १९७१ च्या अल्बममध्ये चक्क देवाची बाजू घेणारे एक गाणे आहे. म्हणजे सैतानाचे नाव घेतले ते भयापोटी. ज्याला सैतान आहे असे वाटते त्यालाच त्याची भीती वाटते. पण १९८२ साली आयर्न मेडनने प्रकटीकरणाच्या पुस्तकातला ६६६ हा आकडा गाण्यात घेतला, तेव्हा अमेरिकेत त्यांच्या तबकड्यांची होळी झाली. ते गाणे बँडच्या स्टीव्ह हॅरिसने पडलेल्या एका दुःस्वप्नावरून लिहिले होते. होळी करणाऱ्यांपैकी कितीजणांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले असेल, अशी शंका आम्हाला येते. पुस्तके न वाचता जाळणारे आम्हीही पाहिले आहेत.

गंमत अशी की धर्माला शिव्या द्यायच्या तरी घरचीच भाषा लागते. उलटा क्रूस, पशूचा आकडा, नरक, पतित देवदूत, सारे बायबलमधून किंवा चर्चच्या परंपरेतून उचललेले. बौद्ध देशात वाढलेल्या माणसाला ही निंदा धड समजणारही नाही. आपल्याकडेही देवाशी भांडण्याची रीत आहे. तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले! इक्बालने १९०९ साली 'शिकवा' लाहोरच्या सभेत वाचला तेव्हा अल्लाहकडे अशी तक्रार करतात का, म्हणून कित्येक धार्मिक मंडळी बिथरली. पण तुकोबांना आणि इक्बालला समोरून उत्तर हवे होते. इक्बालने तर चार वर्षांनी ते उत्तर स्वतःच लिहिले. मेटलमधल्या बहुतेक निंदेला उत्तर नको असते, आणि वसईच्या आमच्या सहकाऱ्यांना टोचले ते हेच असावे. आपल्या घरातल्या माणसाशी कोणी भांडले तर आपण मध्ये पडतो. त्याच्या अंगावर थुंकून कोणी चालू लागला तर काय करावे ते सुचत नाही.

आणि काही ठिकाणी प्रकरण थुंकण्यावर थांबले नाही. १९९२ च्या जूनमध्ये नॉर्वेत बर्गेनजवळचे फँटॉफ्टचे लाकडी चर्च जळाले. मूळ इमारत बाराव्या शतकातली. त्या सुमारास तिथल्या ब्लॅक मेटलवाल्या काही पोरांनी एकामागून एक चर्चे पेटवली. वर्ग विकर्नेस या वादकाला १९९४ साली खून आणि चर्चजाळणीबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. इथे 'भावना दुखावणे' हा शब्दच अपुरा पडतो. ज्यांचे प्रार्थनास्थळ जाळले, त्यांचा विषय भावनेचा उरत नाही. १९९२ च्या डिसेंबरनंतर आम्हाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमची तक्रार एवढीच की गाणे आणि आग यांना एकाच कलमाखाली बसवले की आगीचे गांभीर्य कमी होते.

आता जो श्रोता खरोखरच श्रद्धावान आहे, त्याने काय करावे? मेगाडेथचा डेव्ह मस्टेन या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. त्यानंतर जादूटोण्यावरचे स्वतःचेच एक जुने, लोकप्रिय गाणे त्याने कित्येक वर्षे मंचावर गायले नाही. २०१८ साली पुन्हा गायले. २००५ साली 'रॉटिंग क्राइस्ट' या ग्रीक बँडबरोबर एका कार्यक्रमात वाजवायलाही त्याने नकार दिला. हे वाचताना आम्हाला सूरह निसामधला तो आदेश आठवतो. जिथे अल्लाहच्या आयतींची थट्टा चालली असेल तिथे, विषय बदलेपर्यंत, बसू नये. मैफल उधळा असे तिथे म्हटलेले नाही. उठून जा, एवढेच. आणि विषय बदलला तर परत येण्याची वाटही मोकळी ठेवलेली आहे. आम्ही मात्र हा 'विषय बदलेपर्यंत' बहुधा विसरतो.

पण जो मैफलीत नव्हताच, त्याने उठून कुठून जावे? पोलंडमध्ये २००७ साली बेहेमॉथच्या ॲडम दार्स्कीने ग्दिनिया शहरातल्या कार्यक्रमात बायबल फाडले. समोरचे श्रोते तेच ऐकायला तिकीट काढून आले होते. खटला भरायला निघाले ते बाहेरचे. प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात चालले आणि शेवटी तो निर्दोष सुटला. त्या देशात कॅथॉलिक चर्च बलाढ्य आहे, त्याच्या शब्दाला सरकारे वचकतात. अशा ठिकाणी बायबल फाडणारा सत्तेविरुद्ध काही तरी करतो, असे म्हणता येते. आम्हाला ते कृत्य तरीही ओंगळ वाटते. ग्रंथ कुणाचाही असो, फाडलेला पाहवत नाही.

तेच चित्र मुंबईत आले की त्याचा अर्थ बदलतो. १९९८ साली डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. हे पाहिलेला समाज २००६ साली येशूचे तुटलेले हात पाहतो. अमेरिकेतल्या चित्रकाराला आणि वादकांना डांग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण वसईतल्या बापाला ठाऊक होते. म्हणून साठा नष्ट करण्याची मागणी आम्हाला पटली नाही, तरी तिच्यामागचे भय आम्ही हसण्यावारी नेऊ शकलो नाही. कायद्याने हे भय मोजता येत नाही. १९२७ सालच्या कलम २९५ अ ने, आणि त्याच्या जागी २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेच्या कलम २९९ ने, बघायचा तो बोलणाऱ्याचा हेतू. ऐकणाऱ्याच्या मागे काय घडून गेले आहे, हे त्यात मावत नाही.

आपल्या समाजाने या बाबतीत फुशारकी मारावी असेही काही नाही. १९९७ साली इजिप्तमध्ये मेटल ऐकणाऱ्या शंभरेक मुलांना सैतानाचे उपासक म्हणून पकडले. २००३ साली मोरोक्कोत १४ जणांना मुस्लिमांची श्रद्धा डळमळीत केल्याबद्दल शिक्षा झाली आणि काळे टी-शर्ट हेसुद्धा पुराव्यात होते. इतक्या स्वस्तात डळमळणारी श्रद्धा पोलिसांच्या बळावर किती दिवस उभी राहणार होती, कोण जाणे.

वसईचा तो मुलगा आता चाळिशीला टेकला आहे, आणि अजून हेच संगीत ऐकतो. गुड फ्रायडेला मात्र तो हेडफोनला हात लावत नाही. कुणी सांगितले म्हणून नाही, म्हणतो, "त्या दिवशी नको वाटतं." 'क्राइस्ट इल्युजन' इथे मिळेनासा झाल्यावर त्याने परदेशातून येणाऱ्या मित्राकडून मागवला होता. गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याने तो कपाटातून काढून दाखवला. मुखपृष्ठावर शाळेच्या वहीसारखे तपकिरी कागदाचे कव्हर होते, कडांनी झिजलेले. "पप्पांना दिसू नये म्हणून तेव्हा घातलं होतं," तो म्हणाला. पप्पा शेजारीच बसले होते. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी कधी काढून बघितलं नाही."