नावांच्या नोंदवहीचे वतन

जुन्या मराठी दप्तरांत वतन हा शब्द पानोपानी भेटतो. पाटलाने वसूल जमवावा, कुलकर्ण्याने हिशेब लिहावा आणि त्याबद्दल हक्क भोगावेत, असा मूळ व्यवहार. पुढे काम क्षीण झाले तरी हक्क वंशपरंपरेने चालू राहिला, विकला गेला, भाऊबंदकीत तुटला. मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली. सेवेपोटी सोपविलेली गोष्ट मालमत्ता केव्हा होते, हा प्रश्न मात्र संपला नाही. इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीपाशी तो आज पुन्हा उभा आहे.

संकेतस्थळाचे डोमेन नाव आपण विकत घेतले असे म्हणतो, पण ते मुदतीच्या बोलीने मिळते. नूतनीकरण चुकले की गेले. ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या सर्व नावांची मूळ वही एकच असावी लागते, नाहीतर एका नावाचे दोन धनी निघतील. मक्ता येथे अटळच आहे. तेव्हा वही कोणी राखावी आणि त्याबद्दल काय घ्यावे, एवढाच वाद.

या वह्यांची व्यवस्था पुष्कळ वर्षे पाहणारे जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ च्या टिपणात स्पष्ट केले होते की येथे मालकीहक्काची भाषा गैरलागू आहे. काळजी करायची ती जबाबदारीची व सेवेची. तेव्हा नाव विनामूल्य नोंदले जाई, खर्च अमेरिकी सरकार सोशी. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी वर्षाला ५० डॉलर घेऊ लागली. १९९८ मध्ये देखरेखीसाठी ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था निघाली. त्याच ऑक्टोबरात पोस्टेल वारले. आणि २००० साली व्हेरिसाइनने ती कंपनी घेण्याचा सुमारे २१ अब्ज डॉलरांचा सौदा जाहीर केला. लेखनिकाची दौत-लेखणी एवढ्या मोलाची कशी झाली?

‘डॉट कॉम’च्या करारात, गंभीर कसूर न झाल्यास तो त्याच कंपनीकडे पुढे चालू राहावा, अशी तरतूद आहे. दर सहा वर्षांपैकी चार वर्षे ७ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा २०१८ मध्ये मिळाली. २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर असलेला घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ झाला. २०२३ साली कंपनीचे उत्पन्न दीड अब्ज डॉलरांच्या आसपास होते, पैकी सुमारे एक अब्ज करपूर्व नफा. वही अखंड चालू ठेवणे सोपे नाही, हे आम्ही मान्य करतो. त्या कामाचे मोल द्यावेच. पण नावाची किंमत वाढते ती ते वापरणाऱ्याच्या कष्टाने. दुकानदाराने वीस वर्षे पाटीवर, पावतीवर, लोकांच्या तोंडी रुळविलेले नाव दरवाढ झाली म्हणून तो टाकू शकत नाही. परमुलखात बिऱ्हाड थाटलेल्या आमच्या घराण्यांना जुन्या पत्त्याचे मोल निराळे सांगावयास नको. ही अगतिकता जाणून घेतलेला वाढीव पैसा आम्हांस वेतन वाटत नाही, वतनाचे उत्पन्न वाटते.

‘डॉट ऑर्ग’चे प्रकरण याहून बोलके. ही नावे मुख्यत्वे सेवाभावी संस्था, ग्रंथालये, आमच्यासारखी मंडळे घेतात; वहीही एका ना-नफा संस्थेकडे आहे. जून २०१९ मध्ये तिच्या दरावरील मर्यादा उठविण्यात आली. नोव्हेंबरात एथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ती संस्थाच १.१३५ अब्ज डॉलरांना घेण्याचे ठरविल्याची बातमी आली. विकणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. इंटरनेटच्याच प्रसाराला कायमचा निधी लाभेल, असे ते म्हणत. परंतु देवस्थानच्या विश्वस्तांनी जीर्णोद्धारासाठी देवाची जमीनच विकावी, त्यातलाच हा प्रकार. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेपाचे पत्र धाडले, आणि ३० एप्रिलला ‘आयकॅन’ने संमती नाकारली.

निर्णय योग्यच झाला. तथापि आक्षेप घेणारे महाधिवक्ते कॅलिफोर्नियाचे होते, कारण ‘आयकॅन’ तेथे नोंदलेली आहे. बडोद्याच्या वा बेळगावच्या एखाद्या वाचनालयाचे नाव त्या वहीत असले, तरी त्याला विरोधाचे पत्र लिहिता आले असते. मत देता आले नसते.