जाणत्या ग्राहकाचे मौन

जुना माल विकणाऱ्याने त्यातील दोष सांगावा की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु त्या मालाचा एखादा गुण घेणाऱ्यास ठाऊक असेल आणि विकणाऱ्याच्या तो गावीही नसेल, तर घेणाऱ्याने काय करावे? हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही कधी विचारला नव्हता. तो आमच्यापुढे उभा राहिला अमेरिकेत, एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने.

तेथे नोकरीस असलेल्या आमच्या मुलास ‘ऑटोक्रॉस’चा छंद आहे. मोकळ्या वाहनतळावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि एकेक गाडी घड्याळाशी स्पर्धा करीत धावते. शंकू पडला की २ सेकंदांचा दंड. १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ अशा शर्यती भरवितो. येथे दांडग्या इंजिनापेक्षा हलकी, चटकन वळणारी गाडी कामास येते. म्हणून पुष्कळ हौशी मंडळी मझदाची जुनी ‘मियाटा’ शोधतात. १९८९ साली आलेली ही दोन आसनांची, उघड्या छपराची गाडी. आरंभी इंजिन अवघे १.६ लिटरचे. अशी गाडी घेताना दारांखालचा पत्रा गंजला आहे काय, छपरावरचे पाणी वाहून नेणारी छिद्रे बुजली आहेत काय, हे पाहावे लागते.

आम्ही पाहावयास गेलो ती गाडी १९९४ सालची होती. पतीच्या निधनानंतर एक वृद्ध बाई ती विकीत होत्या. छप्पर फाटलेले, रंग विटलेला, किंमत बेताची. गाडीच्या कप्प्यात मूळ खरेदीचा कागद होता. तो वाचून मुलगा हळूच मराठीत म्हणाला, “बाबा, हिला आर पॅकेज आहे!” म्हणजे शर्यतीस अनुकूल कडक निलंबन आणि ‘टॉर्सन’ डिफरन्शियल. वळणावर आतल्या बाजूचे मागचे चाक हलके होते आणि साध्या गाडीत इंजिनाची शक्ती तेथे वाया जाते. टॉर्सनमुळे ती पकड असलेल्या चाकाकडे वळते. अशा गाडीस जाणकार अधिक दाम मोजतात. बाईंना याची कल्पना नव्हती.

बाई कॉफी करावयास आत गेल्या. मुलगा म्हणाला, “तीन वर्षे मी याचा अभ्यास केला. त्या ज्ञानाचा लाभ मला मिळू नये?” युक्तिवाद पोकळ नव्हता. जाणकाराने सारेच सांगून टाकावयाचे, तर जाणकार होण्याचे कष्ट कोण घेईल? शिवाय हैदराबादच्या जुमेरात बाजारात हिंडत वाढलेल्या आम्हांस पारख हा गुणच वाटत आलेला. रद्दीच्या भावाने मिळविलेल्या दुर्मिळ ग्रंथाची कथा आम्ही कितीदा अभिमानाने सांगितली आहे!

तेव्हा आम्हांस सिसेरो आठवला. कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात तो स्केव्होलाची हकिकत सांगतो. स्केव्होलाने शेत घेताना एकच किंमत सांगावयास लावली आणि शेत त्याहून मोलाचे आहे असे म्हणून एक लाख सेस्टर्स अधिक दिले. हे सज्जनाचे वर्तन होय, हे कोणी नाकारीत नाही. शहाण्याचे मात्र नव्हे, असे लोक म्हणतात, अशी नोंद सिसेरो करतो. शहाणपण आणि सज्जनपणा यांची अशी फारकत करणे हेच त्यास घातक वाटते.

बाजारातील व्यापारी आणि त्या बाई यांत भेद आहे, असे विचारांती आम्हांस वाटले. व्यापारी रोज भाव ठरवितो. आपल्या चुकीची जोखीम त्याने पत्करलेली असते. बाई बाजारात उतरल्या नव्हत्या. त्या पतीची वस्तू घराबाहेर काढीत होत्या. वाचण्याची विद्या आमची खरी, पण कागद त्यांचा होता. आपल्या ज्ञानाचे मोल अवश्य घ्यावे; दुसऱ्याच्या अज्ञानास मात्र आपले भांडवल करू नये. या दोहोंतील सीमा ओळखावयाची कशी? सौदा स्वस्तात पटल्याची कथा आपण साऱ्या जगास सांगू, पण एकाच व्यक्तीस सांगू शकणार नाही, अशी स्थिती असेल तर सीमा ओलांडली असे समजावे.

कॉफी घेता घेता मुलाने बाईंना सारे सांगितले. त्यांनी दोन दिवस मागून घेतले, चौकशी केली आणि किंमत वाढविली. गाडी आम्ही घेतली. नव्या टायरांचे पैसे मात्र त्यात गेले. मुलगा तो हंगाम जुन्या टायरांवर धावला आणि मागे पडला. ग्रंथाच्या त्या रद्दीवाल्याचे काय, हा प्रश्न आमच्यापाशी अद्याप शिल्लक आहेच.

त्या शर्यतीत आम्ही एक गोष्ट पाहिली. शंकू पडला की नाही हे पाहावयास तेथे वेगळे पंच नसतात. आपली फेरी नसते तेव्हा स्पर्धकच मार्गावर उभे राहून पडलेला शंकू सरळ करतात आणि दंड कळवितात. कधी प्रतिस्पर्ध्याचा, कधी मित्राचा. तो सारा खेळ पाहणाऱ्याने खरे सांगण्यावर उभा आहे. आमच्या मुलाचे त्या दिवशी दोन शंकू पडले. त्याच्या मित्राने दोन्ही कळविले आणि संध्याकाळी दोघे एकत्र जेवले.